वाळू, वारा आणि डोळे : बाइकवरून वाळवंटात निघण्याआधी थोडा इतिहास

पाऊस संपला आणि दिवाळी जवळ आली, की ओपीडीत एक ठरावीक प्रश्न सुरू होतो. "डॉक्टर, आम्ही चार-पाच जण बाइकवरून जैसलमेरला निघालोय. गॉगल कुठला घेऊ?" कुणी कच्छच्या रणात जाणार असतं, कुणी बिकानेरपर्यंत. प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं : चारही बाजूंनी घट्ट बसणारा, पॉलिकार्बोनेटच्या भिंगाचा आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल घ्या.

पण एका ओळीतला सल्ला लोक विसरतात, हा माझा अनुभव. त्यामागची गोष्ट कळली की तो लक्षात राहतो. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. वाळवंटात डोळे कसे जपावेत याचा जवळजवळ प्रत्येक नियम कुणाचा तरी डोळा गमावून आपल्याला मिळालेला आहे. या सगळ्या गोष्टींमधून एक मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो. डोळ्यात वाळू जाणं हा अपघात असतो. पण नुकसान वाढतं ते पुष्कळदा त्यानंतर आपण जे करतो त्यामुळे.

इजिप्तहून आलेली साथ

१७९८ च्या जुलैमध्ये नेपोलियनचं फ्रेंच सैन्य इजिप्तमध्ये उतरलं. थोड्याच आठवड्यांत सैनिकांचे डोळे लाल होऊ लागले, सुजू लागले, त्यांतून पू वाहू लागला. १८०१ मध्ये आलेल्या ब्रिटिश सैन्याचीही तीच गत झाली. कित्येकांची दृष्टी गेली. तेव्हाच्या बऱ्याच डॉक्टरांनी दोष दिला तो वाळवंटाला : प्रखर ऊन, उडणारी वाळू, रात्रीची दमट हवा.

मग सैनिक इंग्लंडला परतले आणि त्यांच्या बराकींत, जिथे ना वाळू होती ना तसं ऊन, तोच आजार पसरू लागला. जॉन व्हेच नावाच्या लष्करी डॉक्टरने १८०७ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि ठामपणे मांडलं, की हा आजार एका डोळ्याचा स्राव दुसऱ्या डोळ्याला लागून पसरतो. म्हणजे गुन्हेगार वाळू नव्हती. हात, पंचे आणि सगळ्यांनी मिळून वापरलेलं पाणी हे खरे कारण होते. त्या साथीतला मोठा भाग म्हणजे ज्याला आपण खुपऱ्या म्हणतो तो आजार. याच धामधुमीत, १८०५ मध्ये, जॉन कनिंगहॅम साँडर्स यांनी लंडनमध्ये डोळ्यांचा एक दवाखाना सुरू केला. आज जगभर नाव असलेलं मूरफील्ड्स नेत्ररुग्णालय ते हेच.

सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. पण व्हेचने शिकवलेला धडा जुना झालेला नाही. ढाब्यावर थांबलात, तोंड धुतलं आणि मित्राच्या रुमालाने डोळे पुसले, तर दुसऱ्या दिवशीच्या लाल डोळ्यांचा दोष वाळूवर टाकू नका. प्रत्येकाचा रुमाल वेगळा, आणि डोळ्याला हात लावण्याआधी हात धुतलेले. त्याला पैसे लागत नाहीत.

वाळू वेगळी, धूळ वेगळी

राल्फ बॅगनॉल्ड हे ब्रिटिश सैन्यातले अभियंते. १९२० आणि ३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबिया-इजिप्तचं वाळवंट पालथं घालणं हा त्यांचा छंद होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, याच अनुभवावर त्यांनी 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ही खोल वाळवंटात फिरणारी तुकडी उभी केली. वारा वाळू कसा वाहून नेतो यावर त्यांनी बोगद्यात वारा सोडून प्रयोग केले, आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं पुस्तक आजही त्या विषयाचा पाया मानलं जातं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट बाइकस्वाराच्या फार उपयोगाची आहे. वाळूचे कण हवेत तरंगत नाहीत. ते उड्या मारत जातात. त्यामुळे वाळूचा थर जमिनीलगत राहतो, इतका की उभ्या माणसाचं डोकं बऱ्याचदा त्याच्या वर मोकळं असतं. धूळ मात्र फार बारीक असते. ती वर चढते आणि तासन् तास हवेत राहते.

बाइकवर बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून चार-पाच फुटांवर असतात. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचते ती मुख्यतः बारीक धूळ. जाड कण आणि खडे येतात ते पुढच्या ट्रकच्या चाकांमधून. त्यामुळे दोन गोष्टी ठरतात. पहिली, नुसता स्टायलिश काळा चष्मा पुरत नाही. वेगात वारा चष्म्याच्या कडेने आत वळतो, मागे भोवरा तयार होतो आणि धूळ थेट डोळ्याकडे येते. कडेला फोम असलेला, चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल हवा. दुसरी, ट्रकच्या अगदी मागे राहू नका. एक तर मोकळी जागा बघून पुढे निघा, नाहीतर चांगलं अंतर सोडा.

इंजिनाला फिल्टर, स्वाराला गॉगल

१९४० ते १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात मोठं युद्ध झालं. त्यात भारताची चौथी डिव्हिजनही होती. निरोप पोचवण्यासाठी ब्रिटिश बाजूने नॉर्टन आणि बीएसए मोटारसायकली धावत होत्या, जर्मन बाजूने साइडकारवाल्या बीएमडब्ल्यू आणि झुंडॅप. 'खमसीन' नावाचा गरम धुळीचा वारा सुटला की समोरचं काही दिसेनासं व्हायचं.

बीएमडब्ल्यूच्या आर-७५ मोटारसायकलचा हवेचा फिल्टर पुढच्या काळात वर, पेट्रोलच्या टाकीवर नेण्यात आला. खाली धूळ जास्त, वर कमी, हा त्यामागचा साधा हिशोब. इंजिनात धूळ गेली की ते झिजतं, हे अभियंत्यांना पक्कं कळलं होतं. तुमच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याला इंजिनाइतका तरी मान द्यायला नको का?

जर्मन सेनापती रोमेल यांची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. टोपीवर चढवलेला मोठा गॉगल ही त्यांची ओळखच बनली. गंमत म्हणजे तो गॉगल ब्रिटिशांचा होता. एप्रिल १९४१ मध्ये लिबियातल्या मेकिली इथे ब्रिटिश तुकडी शरण आली, तेव्हा लुटीत तो रोमेल यांच्या हाती लागला. मूळचा तो विषारी वायूपासून बचावासाठी बनवलेला, म्हणून डोळ्यांभोवती बंद बसणारा. वाळवंटात नेमकं तेच हवं होतं. रोमेल यांचं अनुकरण फक्त एका बाबतीत करू नका : गॉगल टोपीवर शोभतो, पण उपयोगी पडतो तो डोळ्यांवर.

काच फुटते तेव्हा

सुरुवातीच्या गॉगलांना साधी काच असायची. दगड लागला की काच फुटायची आणि बचावासाठी लावलेली वस्तूच डोळ्यात घुसायची. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक काचेचं भांडं पडलं. ते तडकलं, पण विखुरलं नाही, कारण आतून त्याला सुकलेल्या द्रावणाचा पातळ थर चिकटलेला होता. त्यातून थरांची सुरक्षित काच जन्माला आली, आणि पहिल्या महायुद्धात ती वायूच्या मुखवट्यांच्या खिडक्यांत बसली.

पुढची गोष्ट वाळवंटातली नाही, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर हा ब्रिटिश वैमानिक घाईघाईत गॉगल न लावताच हरिकेन विमान घेऊन उडाला. गोळ्या लागून विमानाचं प्लॅस्टिकचं छत फुटलं आणि त्याच्या कपच्या दोन्ही डोळ्यांत गेल्या. एक डोळा कायमचा गेला. दुसऱ्या डोळ्यात कपच्या राहिल्या, पण त्यांच्यामुळे डोळा सुजून खराब होत नव्हता. डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी हे हेरलं : हे प्लॅस्टिक डोळ्याला चालतं! त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज मोतीबिंदूनंतर आपण जी लेन्स टाकतो, तिची ही सुरुवात. म्हणजे एका न लावलेल्या गॉगलमुळे लाखोंना दृष्टी मिळाली. पण क्लीव्हरने त्याची मोजलेली किंमत विसरू नये.

१९५३ मध्ये पॉलिकार्बोनेटचा शोध लागला. हे प्लॅस्टिक जोराचा मार बसला तरी सहसा फुटून विखुरत नाही. म्हणून बाइकसाठी गॉगल घेताना काचेचं भिंग नको. पॉलिकार्बोनेट आहे का, हे विचारूनच घ्या. तुम्हाला नंबर असेल तर रोजचा चष्मा हा बचाव समजू नका. त्यावर बसणारा मोठा गॉगल किंवा आत नंबरचं भिंग बसवता येणारा गॉगल मिळतो.

हेल्मेटचीही गोष्ट वाळवंटाशी जोडलेली आहे. अरबस्तानच्या मोहिमेमुळे गाजलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना ड्युटीवर हेल्मेट सक्तीचं केलं. संपूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट यायला १९६८ साल उजाडलं. त्याच्या पुढची पारदर्शक पट्टी, म्हणजे व्हायझर, हा तुमच्या डोळ्यांचा पहिला दरवाजा. गरम होतंय म्हणून तो उघडा ठेवून जाणारे खूप दिसतात. हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि व्हायझर खाली ठेवा.

ऊन दिसतं, अतिनील किरण दिसत नाहीत

काचेच्या भट्टीसमोर काम करणाऱ्यांना लवकर मोतीबिंदू होतो, म्हणून ब्रिटनमध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा तपासल्या आणि १९१३ मध्ये घातक किरण अडवणाऱ्या काचेची माहिती मांडली. त्यांच्या कामातून स्पष्ट झालं, की काच काळी असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आजही लोकांना पटकन पटत नाही. रस्त्यावर मिळणारा स्वस्त काळा चष्मा उजेड कमी करतो, त्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते. भिंग अतिनील किरण अडवत नसेल, तर त्या मोठ्या बाहुलीतून ते अधिकच आत जातात. म्हणून 'यूव्ही ४००' असं लिहिलेलं पाहा. त्याचा अर्थ, ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात.

कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, म्हणजे ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. दिवसभर उघड्या डोळ्यांनी राहिलात तर संध्याकाळी डोळे खुपू लागतात, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. कॉर्निया उन्हाने भाजलेला असतो. बहुधा एक-दोन दिवसांत ते बरं होतं. पण वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ सोसलेल्या डोळ्यांत कोपऱ्यातून बुबुळावर मांसाचा पडदा चढताना आम्ही पाहतो.

एक इशारा. सूर्य मावळला की काळं भिंग काढा. अंधारात काळ्या व्हायझरने गाडी चालवणं डोळ्यांना नाही, जिवाला धोका आहे. पारदर्शक भिंग सोबत ठेवा. पोलराइज्ड गॉगल घेणार असाल, तर त्यातून मोबाइलचा नकाशा आणि बाइकचा डिस्प्ले नीट दिसतो का, हे दुकानातच बघा.

कोरडा वारा आणि काँटॅक्ट लेन्स

आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. रस्त्यावर टक लावली की ती संख्या घटते. त्यात कोरडी हवा आणि वेगाचा वारा, मग अश्रूंचा थर उडून जातो. डोळ्यात काही नसताना काहीतरी खुपतंय असं वाटतं, नजर मधूनच धूसर होते. आणि मग माणूस डोळा चोळतो.

काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक. मऊ लेन्स बनवण्याची युक्ती ऑटो विख्तर्ले या चेक शास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं यंत्र जोडून आणि सायकलचा डायनॅमो लावून साधली. ती मऊ आहे कारण ती पाणी धरून ठेवते. वाळवंटात ती सुकते, आकसते आणि तिच्याखाली धुळीचा कण अडकला तर कॉर्निया घासत राहतो.

याहून गंभीर गोष्ट १९८० च्या दशकात अमेरिकेत दिसली. घरच्या घरी मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्स धुणाऱ्यांमध्ये अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवाचा कॉर्नियाला संसर्ग आढळू लागला. हा जीव पाण्यात आणि मातीत राहतो. त्याने झालेली जखम अतिशय दुखते आणि महिनोन् महिने उपचार लागतात. म्हणून बाटलीबंद असो वा नळाचं, लेन्सला पाणी लावायचं नाही. मी सांगेन, या प्रवासात लेन्स नकोच. घालायच्याच असतील तर रोज फेकून द्यायच्या घ्या आणि चष्मा सोबत ठेवा.

कण गेलाच तर

१८८४ पूर्वी कॉर्नियात रुतलेला कण काढणं म्हणजे जागेपणी यातना होत्या. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले, टाचणीच्या टोकाने कॉर्नियाला स्पर्श केला आणि काहीच जाणवलं नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हा शोध हायडेलबर्गच्या परिषदेत मांडला गेला, तोही दुसऱ्याने वाचून, कारण कोलरकडे प्रवासाचे पैसे नव्हते. आज आम्ही दुसरी, सुरक्षित औषधं वापरतो, पण तत्त्व तेच.

असे थेंब टाकले की रुग्णाला इतकं बरं वाटतं, की तो म्हणतो, "डॉक्टर, ही बाटली लिहून द्या." आम्ही देत नाही. वेदना हा डोळ्याचा पहारेकरी आहे. तो झोपला की माणूस डोळा चोळतो, आणि हे थेंब वारंवार टाकल्याने जखम भरतही नाही.

त्याहून मोठा धोका मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांचा. लाली उतरते, वाटतं बरं झालं. पण मातीच्या कणाबरोबर कॉर्नियात बुरशी शिरली असेल, तर स्टेरॉइडने ती फोफावते. मग जे एका भेटीत निघालं असतं, त्यासाठी कधी कधी कॉर्निया बदलावा लागतो. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. टाळता येणारं अंधत्व बघणं डॉक्टरलाही जड जातं.

म्हणून कण गेल्यावर हे करा :

* बाइक बाजूला लावा. चोळू नका.
* हात धुऊन, सलाइनच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवा. आधी लेन्स काढा.
* वरची पापणी धरून खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा. कण पुष्कळदा खाली येतो.
* रुमालाचं टोक, काडी, जीभ, फुंकर, मध, दूध, तूप, सुरमा यांतलं काहीही नको. अनेक सुरम्यांत शिसं असतं.
* काही जोरात आदळून आत घुसल्यासारखं वाटलं, तर धुऊ नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप टेकवून अलगद चिकटवा आणि थेट नेत्ररुग्णालय गाठा.

आणि यांपैकी काही असेल तर पुढचा टप्पा रद्द करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा : नजर धूसर झाली, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, धुऊनही दुखणं कमी होत नाही, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखतो आहे.

निघण्यापूर्वी बॅगेत

घट्ट बसणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल, एक काळं आणि एक पारदर्शक भिंग. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, कोरडेपणा जाणवण्याआधीच टाकायला. सलाइनच्या छोट्या बाटल्या. स्वतःचा स्वच्छ रुमाल. नंबर असेल तर जादा चष्मा. लेसर किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि दर तासा-दीड तासाने थांबा, पाणी प्या, दोन मिनिटं डोळे मिटून बसा.

वरच्या गोष्टींतल्या माणसांना हे सगळं सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी ते सोसून शिकून घेतलं. तुम्हाला ते आधीच कळलेलं आहे. तेव्हा जैसलमेरचा सोनेरी किल्ला आणि पौर्णिमेचं पांढरं रण दोन्ही डोळे भरून पाहा, आणि तेच दोन डोळे घेऊन सुखरूप परत या.